सतरावा दिवस

मिरजेतल्या एका रुग्णालयात मी बावीस वर्षं केमोच्या विभागात सिस्टर होते. आमच्याकडे सांगली-कोल्हापूरचे पेशंट यायचे, जत-आटपाडीचे यायचे आणि सीमेपलीकडचे अथणी, विजापूरचेही यायचे. पहिल्या केमोआधी पेशंटला आणि घरच्या माणसांना समोर बसवून सगळं समजावून सांगायचं काम माझ्याकडे होतं. उलट्या होतील, तोंड येईल, पांढऱ्या पेशी कमी होतील, ताप आला तर रात्री-अपरात्री कधीही फोन करा. हे सगळं लोक माना डोलवत ऐकायचे. "केस जातील" म्हटलं, की डोलणारी मान थांबायची.

जतकडच्या एका आजींचं बोलणं अजून माझ्या कानात आहे. साठीच्या पुढच्या, स्तनाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया होऊन टाके सुकलेले. नऊवारी लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, तेल लावून घट्ट बांधलेला अंबाडा. शेजारी आजोबा, टोपी काढून मांडीवर ठेवलेली. मी केसांचं सांगितलं तशी आजींनी एकदा आजोबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, "सिस्टर, धनी बसल्यात की हितं माझं. मग मी डोकं का म्हून भादरायचं?"

मला काय बोलावं सुचेना. आजींच्या समाजात विधवेच्या केशवपनाची चाल कधीच नव्हती. पण लहानपणी गावातल्या वाड्यावरच्या एका काकूंना त्यांनी पाहिलं होतं. लाल आलवण, बोडकं डोकं, आणि सकाळी कुणाच्या वाटेत आल्या की मागे फिरणारी माणसं. १८९० साली मुंबईत सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक मंडळी एकत्र आली आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. चाल हळूहळू गेली, पण बाईच्या बोडक्या डोक्याचा अर्थ आपल्याकडे इतक्या लवकर पुसला गेला नाही. आजींना केसांची हौस नव्हती. नवरा जिवंत असताना आपलं डोकं काय सांगणार, हा त्यांचा प्रश्न होता. तो प्रश्न खरा होता, आणि "परत येतील हो केस" हे काही त्याचं उत्तर नव्हतं.

हे वाक्य मी पूर्वी एकदा बोलून चुकले होते. नोकरीचं पहिलंच वर्ष. तिशीच्या आतली एक मुलगी, लांबसडक केसांची. तिने विचारलं, "केस जातील का?" मी हातातलं काम न थांबवता म्हटलं, "केसांचं काय एवढं, परत येतात." कधी जातील, कसे जातील, यातलं काही सांगितलं नाही. सोळाव्या दिवशी न्हाताना तिचे केस पुंजक्यांनी हातात आले आणि न्हाणीघराची मोरी तुंबली. घरात कुणालाच काही ठाऊक नव्हतं, सासू तर किंचाळलीच. दुसऱ्या केमोनंतर ती आलीच नाही. तीन महिन्यांनी आली तेव्हा काखेतली गाठ बोटांना लागत होती. पुढची सगळी औषधं तिने घेतली, पण गेलेले तीन महिने आम्हाला कुणालाही परत आणता आले नाहीत. त्यानंतर मी प्रत्येक पेशंटच्या घरच्या माणसाला सांगू लागले, की आजपासून दिवस मोजा आणि चौदा ते अठरा या दिवसांवर कालनिर्णयवर पेन्सिलीने खूण करा. बहुतेकींचा दिवस सतरावा निघायचा, एक-दोन दिवस इकडेतिकडे.

औषध शिरेत जातं त्या दिवशी केस जसेच्या तसे असतात. दुसऱ्या दिवशीही असतात, दहाव्या दिवशीही. "सिस्टर, माझे नाही हो गेले," असं फोन करून आनंदाने सांगणाऱ्या कितीतरी जणी असत. हे पंधरा दिवस कुठून येतात ते समजून घेण्यासारखं आहे.

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यातले शंभरात पंच्याऐंशी-नव्वद केस कुठल्याही क्षणी वाढत असतात, उरलेले विसावलेले असतात. वाढणाऱ्या केसाच्या तळाशी, कातडीखाली तीन-चार मिलिमीटर खोल, कांद्याच्या आकाराची इवलीशी गाठ असते. तिथल्या पेशी शरीरातल्या सर्वांत वेगाने वाढणाऱ्या पेशींपैकी आहेत. एकीच्या दोन, दोनाच्या चार होत त्या वर सरकतात, कडक होतात आणि त्यांचाच केस बनतो. महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर. केमोची जुनी औषधं कॅन्सरची पेशी ओळखत नाहीत, ती वाढणारी पेशी ओळखतात. कॅन्सरची गाठ वाढत असते, तशी केसाची ही गाठही वाढत असते. औषध आलं की तिचं काम एकदम मंदावतं. त्या दिवसांत विणला गेलेला केसाचा तुकडा कच्च्या सुतासारखा बारीक निघतो. काही केसांची मुळंच सैल होतात. आता तो बारीक तुकडा तीन-चार मिलिमीटर वर चढून कातडीच्या तोंडाशी यायला किती दिवस लागतील? दिवसाला मिलिमीटरचा तिसरा हिस्सा, या चालीने दहा-बारा, शिवाय तो विणला जाण्यात गेलेले सुरुवातीचे काही दिवस. तिथे पोचला की फणीचा, उशीचा, टॉवेलचा एवढासा ताण पुरतो. केस तुटतो. सतरावा दिवस येतो तो असा.

त्याच्या आधी दोन दिवस अनेकींच्या केसांची मुळं ठणकतात. उशीवर डोकं टेकवलं की टाळूला काहीतरी बोचतंय असं वाटतं, घट्ट वेणी घालून झोपल्यावर सकाळी दुखतं तसं. हेही मी आधी सांगायची. नाहीतर बाई घाबरते, की कॅन्सर डोक्यात गेला.

भुवया आणि पापण्या उशिरा जातात, कधी दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. त्यांचे केस थोडे दिवस वाढतात आणि पुष्कळ दिवस स्वस्थ असतात, म्हणून औषधाच्या तडाख्यात एका वेळी थोडेच सापडतात. डोक्याला स्कार्फ बांधून निर्धास्त झालेली बाई भुवया गेल्यावर मात्र आरशासमोर पुन्हा खचते. डोळ्यांत घाम उतरतो, धूळ जाते. काळी पेन्सिल आणि साधा चष्मा, दोन्ही कामाला येतात.

केस जातात ते सगळ्या औषधांनी नाही, हे लोकांना माहीत नसतं. आमच्याकडे ज्याला सगळे "लाल औषध" म्हणायचे ते डॉक्सोरुबिसिन. ते सलाईनच्या बाटलीत टाकून सोडून देता येत नाही. मी शेजारी स्टुलावर बसून, चालू सलाईनच्या नळीतून, मोठ्या सिरिंजने हळूहळू ढकलायची. नजर सतत हातावर, कारण शिरेबाहेर थेंब जरी गेला तरी मांस जळतं. सरबतासारखा लालभडक रंग नळीतून सरकताना पेशंट टक लावून बघायचे. नंतर लघवी लाल होते, तेव्हा "रक्त नव्हे, औषध आहे" हे आधीच सांगून ठेवावं लागे. या औषधाची गोष्ट इटलीच्या आपुलिया भागातल्या, कास्तेल देल मोंते या जुन्या किल्ल्याजवळच्या मातीतून सुरू होते. १९५०च्या दशकात तिथल्या मातीतल्या जंतूंपासून लाल रंगाचं द्रव्य मिळालं, म्हणून माणकावरून त्याच्या नावात 'रुबी' आलं. डॉक्सोरुबिसिन त्याचंच भावंड. पूर्ण मात्रेत ते मिळालं की केस जातातच, असं धरून चालावं. त्याच्या जोडीला सायक्लोफॉस्फामाइड असतं. ते पहिल्या महायुद्धातल्या मस्टर्ड वायूच्या कुळातून आलेलं. तेही केस घेतं.

मग पॅक्लिटॅक्सेल, लोकांच्या तोंडी टॅक्सॉल. १९६२ साली अमेरिकेच्या वायव्येकडच्या जंगलातून पॅसिफिक यू नावाच्या झाडाची साल गोळा केली गेली. तिच्यातलं द्रव्य वेगळं काढून १९७१ साली त्याची रचना जगासमोर मांडणाऱ्या प्रमुख दोघांपैकी एक होते मनसुख वाणी, आपल्या नंदुरबारला १९२५ साली जन्मलेले, मुंबई विद्यापीठात शिकलेले. दुसरे मन्रो वॉल. आमच्या विभागात रोज सकाळी टॅक्सॉलच्या बाटल्या लागायच्या. त्या लावताना नंदुरबारच्या माणसाचं नाव किती पेशंटना सांगितलं असेल, त्याची गणती नाही. आपल्याकडच्या माणसाने शोधलंय म्हटलं की चेहऱ्यावर जरा धीर यायचा, आणि तो धीर मला हवा असायचा. पेशी दुभंगताना तिच्या आत बारीक नळ्यांचा सांगाडा उभा राहतो आणि काम झालं की मोडतो. टॅक्सॉल तो सांगाडा मोडूच देत नाही. पेशी मधल्यामध्ये अडकून मरते. केसाच्या गाठीतही हेच घडतं, आणि इथे भुवया-पापण्यांसकट सगळे केस जातात.

आमच्या फाटकाशी सदाफुलीची रोपं होती. देवाला वाहायला बायका तीच फुलं तोडायच्या. तिच्याच पानांत व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिन्ब्लास्टिन मिळतात. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये व्हिन्क्रिस्टिनने कितीतरी मुलं वाचवली आहेत. तेही केस विरळ करतं. वाणी-वॉल जोडीनेच शोधलेलं कॅम्पटोथेसिन आपल्या सह्याद्रीतल्या नरक्याच्या झाडातही सापडतं. त्याच्यापासून बनवलेल्या आयरिनोटेकॅननेही केस जाऊ शकतात.

उलट मोठ्या आतड्याच्या कॅन्सरला देतात त्या फाइव्ह-एफयू, कॅपेसिटाबिन, ऑक्सालिप्लॅटिन यांनी केस फार तर विरळ होतात. जेमसिटाबिनचंही तसंच. एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरवरच्या इमॅटिनिबच्या गोळ्यांनी टक्कल पडत नाही. स्तनाच्या कॅन्सरनंतर वर्षानुवर्षं घ्यायच्या टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोलच्या गोळ्यांनी थोडे विरळ होतात, एवढंच. आपल्याला कुठलं औषध लागणार आहे, हे डॉक्टरांना नावानिशी विचारायचं. "केमो" हे एकच औषध नव्हे. आणि केस गेले नाहीत म्हणजे औषध लागू पडलं नाही, अशी एक भीती असते, तीही खोटी. केसाची गाठ आणि कॅन्सरची गाठ यांचा एकमेकींशी संबंध नाही. केस शाबूत राहून बरे झालेले पेशंट मी पाहिलेत.

केस जाऊ नयेत म्हणून लोक काय काय लावतात! माका, जास्वंद, कांद्याचा रस, कुठल्याशा बाबाचं तेल. औषध रक्तातून मुळाशी पोचतं, वरून लावलेलं तेल तिथे त्याला अडवू शकत नाही. मिनॉक्सिडिलनेही गळती थांबत नाही, नंतर उगवायला थोडी घाई झाली तर झाली. ज्याला खरा आधार आहे तो उपाय एकच, डोकं गार करणं. थंड द्रव खेळवलेली टोपी औषध सुरू व्हायच्या अर्धा तास आधी घालायची, औषध चालू असताना ठेवायची आणि संपल्यावरही तास-दीड तास. थंडीने टाळूच्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध कमी पोचतं, आणि गारठलेल्या पेशींचं कामही मंदावलेलं असतं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत टोपी घातलेल्या ९५ स्त्रियांपैकी ४८ जणींचे केस बऱ्यापैकी राहिले, टोपी न घातलेल्या ४७ पैकी एकीचेही नाहीत. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातही अशी चाचणी झाली, तिचाही कौल साधारण असाच. टॅक्सॉलसारख्या औषधांपुढे टोपी जास्त कामी येते, लाल औषधापुढे कमी. रक्ताच्या कॅन्सरमध्ये ती वापरत नाहीत, कारण तिथे टाळूच्या रक्तातही औषध पोचायलाच हवं. डोकं दुखतं, हुडहुडी भरते, वेळ आणि पैसा दोन्ही जातात. आमच्या पेशंटपैकी बहुतेकींना ती परवडण्यासारखी नव्हती, आणि मला याचं फार वाईट वाटतं. निम्म्या बायकांचे केस वाचवू शकणारी गोष्ट पैशापायी अडावी, हे मला कधीच पटलं नाही.

मग उरायची कात्री. माझं म्हणणं असायचं, की केस जायची वाट बघू नका, पंधराव्या दिवसाच्या आत बारीक करून टाका. फाटकासमोरच्या सलूनमधले मामा दुपारी दोनला, गिऱ्हाईक नसताना, मागच्या व्हरांड्यात यायचे. त्यांना एकच गोष्ट बजावून ठेवली होती, की वस्तरा नाही, मशीनच. सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान पांढऱ्या पेशी सर्वांत खाली असतात, तेव्हा वस्तऱ्याची एवढीशी चीरही महागात पडते. मामा आधी विचारायचे, "ताई, वेणी ठेवायची का?" ठेवायची म्हटलं, की वेणीला वरून आणि खालून दोन ठिकाणी दोऱ्याने करकचून बांधायचे आणि वरच्या गाठीच्या वर कात्री लावायचे. कापतानाचा तो कर्रकन आवाज पहिल्यांदा ऐकते ती बाई डोळे मिटते. वेणी वर्तमानपत्रात गुंडाळून हातात दिली, की काही जणी ती मांडीवर धरून बसायच्या. काही जणींनी आपल्याच केसांचा टोप करून घेतला. पूर्वी अंबाड्यात गंगावन घालायच्याच की बायका, तसंच हे. बाजारातले टोप उन्हाळ्यात डोकं उकडून काढतात. आमच्याकडच्या बायका सुती ओढणी किंवा पदरच पसंत करायच्या. "तिरुपतीला केस दिले" असं शेजारपाजारी सांगणाऱ्याही पुष्कळ होत्या. मी त्यांना कधी टोकलं नाही. किती सांगायचं आणि कुणाला, हे ज्याचं त्याने ठरवावं.

पुरुषांना याचं काही नसतं, असं समजू नये. कवलापूरकडचा एक पैलवान होता. डोक्याचं त्याला काही वाटलं नाही, ते आधीपासूनच बारीक. मिशी गेली त्या दिवशी तोंडाला टॉवेल लावून बसला आणि जेवायला उठेना. त्याची आई मला म्हणाली, "लेकरू पुन्हा लहान दिसायला लागलंय."

आजींकडे परत येते. त्या दिवशी आजोबांनी मला विचारलं होतं, "कितव्या दिसाला?" मी म्हटलं, सतराव्या. त्यांनी बोटांच्या पेरांवर मोजलं आणि म्हणाले, "म्हंजी बाजाराच्या दुसऱ्या दिशी." एवढंच बोलणं. एकविसाव्या दिवशी दुसऱ्या केमोला आजी आल्या त्या डोक्यावरून पदर घेऊन. कुंकू पहिल्यापेक्षा मोठं होतं. सिरिंज लावताना मी विचारलं, कसं झालं? म्हणाल्या, सुनेने अंगणात पाट मांडला आणि मशीन फिरवलं. घरात नाही, अंगणात, भर दुपारी. "धन्याला म्होरं खुर्ची टाकून बसवलं. म्हणलं, बसा हितंच. बघू दे गावाला, धनी हाईत आन् डोस्कं औषधानं गेलंय."

आठ केमो झाल्या. चार लाल औषधाच्या, चार टॅक्सॉलच्या. पाचव्या-सहाव्या वेळी पापण्या गेल्या तेव्हा त्या थोड्या कंटाळल्या होत्या, पण एकही तारीख चुकली नाही.

केस परत का येतात, त्याचं कारण मी त्यांना शेतीतलंच सांगितलं होतं. केसाच्या मुळाजवळच, जरा वरच्या अंगाला, काही पेशी शांत बसून असतात. त्या रोज वाढत नाहीत, म्हणून औषध त्यांना फारसं धरत नाही. उभं पीक जळालं तरी कणगीतलं बियाणं शाबूत राहतं, तशा. केमो संपल्यावर महिना-दीड महिन्यात त्याच नवी गाठ तयार करतात, आणि तीन ते सहा महिन्यांत डोकं नीट भरल्यासारखं दिसू लागतं. पण इथे एक गोष्ट लपवता कामा नये. डोसिटॅक्सेल या औषधानंतर काही थोड्या जणींचे केस पूर्वीसारखे कधीच येत नाहीत, विरळच राहतात. बोन मॅरो बदलण्याआधी जास्त मात्रेत देतात त्या बसल्फाननंतरही असं होतं. आणि मेंदूला रेडिएशन दिलं असेल तर त्या जागेवरचा भरवसा कमी असतो. "परत येतीलच" असं छातीठोक सांगण्याआधी औषधाचं नाव बघावं लागतं.

नवे केस जुन्यासारखे नसतात. सरळ केसांच्या बाईला कुरळे येतात, काळ्याच्या जागी करडे येतात. पुढच्या वर्ष-सव्वा वर्षात बहुधा ते आपल्या मूळ वळणावर जातात. पहिल्यांदा येते ती नुसती लव, इतकी मऊ की हात फिरवल्याशिवाय कळत नाही. आमच्या बायका तिला जावळच म्हणायच्या. डॉक्टरांच्या शब्दकोशात त्याला काय म्हणतात, याची मला कधी गरज पडली नाही.

शेवटच्या केमोनंतर तिसऱ्या महिन्यात आजी तपासणीला आल्या. त्याच सुमाराला नातसून बाळंत झाली होती, पणतू झाला होता. विभागात गर्दी होती. तरी त्यांनी मला हाताला धरून खिडकीजवळ नेलं, पदर मागे सारला आणि माझा तळहात आपल्या टाळूवर ठेवला. करडी, कुरळी, बाळाच्या डोक्यासारखी लव.

"दोघांचं एकदमच आलं बघा," त्या म्हणाल्या. "त्याचं तर मामाच्या मांडीवर बसवून काढायचं. माझं न्हाई हां काढायचं, सिस्टर. माझं राहू दे."